जुन्या संगणकाची स्मरणशक्ती

जुना संगणक मरगळला की 'काढा आता भंगारात' असा निर्णय घरोघरी होतो. गेल्या वर्षी आमच्या घरीही तोच ठराव झाला. त्या यंत्रावर माझा विजासन लेण्यांवरील इतिहासाचा प्रकल्प होता. छायाचित्रे उघडली की ते पाच-पाच मिनिटे मौन धारण करी. नवा संगणक घेण्याची ऐपत नव्हती आणि प्रकल्प देण्याची तारीख जवळ आली होती. म्हणून आधी रोगनिदान करावयाचे ठरविले.

हार्ड डिस्क हे फडताळ, तर रॅम हे लिहिण्याचे मेज होय. मेज लहान पडले की संगणक कागद वारंवार फडताळात ठेवतो व पुन्हा काढतो. या येरझाऱ्यांतच वेळ जातो. आजच्या रॅमचे मूळ तत्त्व आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांचे. त्याचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. तीत प्रत्येक बिट इवल्याशा विद्युतभाराच्या रूपाने राहतो. तो सतत गळत असल्याने पुन्हा पुन्हा भरावा लागतो. म्हणूनच वीज गेली की न साठविलेले लिखाण पुसले जाते.

टास्क मॅनेजरमध्ये पाहिले, तर माझी २ जीबी रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली! निदान पक्के झाले. ती निम्मी रिकामी असती, तर नवी पट्टी घालणे व्यर्थ ठरले असते.

यानंतर माझी फजिती झाली. चंद्रपूरला जाऊन मी नुसती 'रॅम द्या' म्हणालो आणि डीडीआर२ची पट्टी घेऊन आलो. माझे यंत्र मात्र डीडीआर३चे! दोन्हींना पिना २४०च आणि लांबीही सारखी. परंतु खाच निराळ्या जागी असते. विजेचा दाबही डीडीआर२ला १.८ व्होल्ट, तर डीडीआर३ला १.५ व्होल्ट. डीडीआर४ला तर २८८ पिना असतात. खाच जुळत नसेल, तर जोर करू नये. तात्पर्य, जुनी पट्टी सोबत न्यावी आणि मदरबोर्ड किती रॅम पेलतो तेही आधी पाहावे. प्रणाली बत्तीस-बिटी असेल, तर साधारणतः ४ जीबीपलीकडची रॅम वाया जाते. कारण बत्तीस बिटांत तेवढेच पत्ते लिहिता येतात.

बसविण्याचे काम दहा मिनिटांचे. संगणक बंद करून वायर काढावी व सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. आपल्याकडे धूळ फार, ती मऊ ब्रशने झाडावी. कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साचते. म्हणून पेटीच्या रंग नसलेल्या धातूला आधी हात लावावा. पट्टी कडेने धरावी, खाच जुळवावी आणि दोन्ही टोके सारखी दाबावीत. 'खट्' आवाज होऊन चिमटे मिटले की काम झाले. यंत्र सुरू न होता नुसते बीप वाजू लागले, तर ते बंद करून पट्टी काढावी व पुन्हा नीट बसवावी.

माझ्या संगणकात आता ४ जीबी रॅम आहे. तो तरुण झाला नाही. पण लेण्यांची छायाचित्रे मुकाट्याने उघडू लागला आणि प्रकल्प वेळेवर सादर झाला. मित्रहो, भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा पेटी उघडून पाहा!