गोळी मोठी की नेम पक्का? अमेरिकेत कमरेला लपवायचं पिस्तूल निवडताना लोक कशात फसतात

११ एप्रिल १९८६. अमेरिकेतलं मायामी शहर. सकाळचे साडेनऊ वाजले होते. बँका आणि पैशांच्या गाड्या लुटणाऱ्या दोघांची गाडी एफबीआयच्या ८ एजंटांनी अडवली आणि भर वस्तीत गोळीबार सुरू झाला.

जेमतेम पाच मिनिटांचा खेळ. पण तेवढ्यात जवळपास दीडशे गोळ्या झाडल्या गेल्या. जेरी डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे दोन एजंट जागीच गेले, ५ जखमी झाले. शेवटी एडमुंडो मिरेलेस या एजंटनं डावा हात निकामी झालेला असताना एका हातानं शॉटगन आणि मग रिव्हॉल्व्हर चालवून दोन्ही लुटारूंना संपवलं.

नंतर तपासात एक गोष्ट समोर आली. मायकेल प्लॅट या लुटारूला सुरुवातीलाच डव्हच्या ९ एमएम पिस्तुलाची एक गोळी लागली होती. ती उजव्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयापासून साधारण इंचभर अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती, पण प्लॅट लगेच पडला नाही. दोन्ही एजंट त्याच्या हातून मेले ते त्यानंतर.

त्या एका इंचानं अमेरिकेत एक वाद पेटवला. स्वतःच्या रक्षणासाठी जवळ बाळगायच्या पिस्तुलाची गोळी किती मोठी असावी? आज एखादा अमेरिकन माणूस दुकानात जाऊन "छोटं पण दमदार" पिस्तूल मागतो, तेव्हा त्या मागणीमागे हाच वाद असतो.

'कंसील्ड कॅरी' म्हणजे काय?

कपड्यांच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा पद्धतीनं भरलेलं पिस्तूल जवळ बाळगणं म्हणजे कंसील्ड कॅरी. अमेरिकेत याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. १९८७ मध्ये फ्लोरिडानं कायदा केला की अटी पूर्ण करणाऱ्या नागरिकाला परवाना द्यायलाच हवा. मग एकेक करत बरीच राज्यं त्या वाटेनं गेली. आता निम्म्याहून जास्त राज्यांत तर परवानाही लागत नाही.

परवाना मिळाला की पुढचा प्रश्न येतो: कुठलं पिस्तूल घ्यायचं? आणि इथे दोन इच्छा एकमेकींच्या आड येतात. पिस्तूल लपलं पाहिजे, म्हणजे लहान हवं. संकटात उपयोगी पडलं पाहिजे, म्हणजे गोळी मोठी हवी असं वाटतं.

.४५ चा दबदबा आला कुठून?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास. .४५ म्हणजे ०.४५ इंच, साधारण साडेअकरा मिलिमीटर. ९ एमएमपेक्षा ही गोळी अडीच मिलिमीटरनं जाड असते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सैन्य फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांशी लढत होतं. तिथे .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही माणूस थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. १९०४ मध्ये लष्करानं चाचण्या घेतल्या आणि .४५ पेक्षा लहान गोळी नको असा निष्कर्ष निघाला. जॉन ब्राउनिंगनं बनवलेलं .४५ चं पिस्तूल १९११ मध्ये सैन्यात आलं आणि १९८५ पर्यंत तेच अमेरिकन सैन्याचं मुख्य पिस्तूल होतं. दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम. इतक्या पिढ्यांनी ते वापरल्यावर ".४५ लागली की माणूस उठत नाही" ही समजूत घराघरात पोचली.

पण ते पिस्तूल होतं ५ इंची नळीचं आणि १ किलो १०० ग्रॅम वजनाचं. शर्टाखाली लपवायला अवघड. म्हणून कंपन्या त्याच गोळीसाठी लहान पिस्तुलं बनवू लागल्या. कोल्टनं १९८५ च्या सुमारास साडेतीन इंची नळीचं 'ऑफिसर्स' मॉडेल आणलं. पुढे ग्लॉक ३० आलं. त्यात १० गोळ्या आणि वजन पाऊण किलोच्या आसपास. २०१६ मध्ये स्मिथ अँड वेसनचं .४५ 'शील्ड' आलं. जेमतेम इंचभर जाड, वजन सुमारे ५८० ग्रॅम.

एका कायद्यानंही मोठ्या गोळीला हात दिला

१९९४ मध्ये अमेरिकेत केंद्रीय कायदा झाला. सामान्य लोकांसाठी बनणाऱ्या नव्या मॅगझिनमध्ये १० पेक्षा जास्त गोळ्या नकोत, असं त्यात होतं. तोपर्यंत ९ एमएम पिस्तुलाचा मोठा फायदा होता तो १५-१७ गोळ्यांचा. तोच गेला. मग लोकांनी विचार केला, दहाच मिळणार असतील तर मोठ्या दहा का नकोत? आणि दहाच बसवायच्या तर पिस्तूलही लहान करता येतं. लहान अंगाच्या, मोठ्या गोळीच्या पिस्तुलांना तेव्हा चांगले दिवस आले.

तो कायदा २००४ मध्ये संपला. पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यूजर्सी अशा राज्यांत १० गोळ्यांची मर्यादा आजही आहे. त्यामुळे तिथे हा हिशोब अजून होतो.

आता थोडं गणित

.४५ ची नेहमीची गोळी साधारण १५ ग्रॅमची असते आणि मोठ्या नळीतून सेकंदाला २६० मीटरच्या आसपास वेगानं सुटते. ९ एमएमची गोळी ८ ग्रॅमची, वेग सुमारे ३५० मीटर. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर .४५ चा आकडा साधारण ४० टक्क्यांनी जास्त येतो.

न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलाय. गोळी जितक्या जोरानं पुढे जाते, तितक्याच जोरानं पिस्तूल मागे येतं. १ किलो १०० ग्रॅमचं जुनं पिस्तूल तो धक्का बराचसा स्वतःच पचवतं. तीच गोळी ५८० ग्रॅमच्या पिस्तुलातून झाडली, तर पिस्तूल जवळपास दुप्पट वेगानं मागे उसळतं. हात तोच, मनगट तेच, गोळी तीच. फक्त पिस्तूल हलकं झालं.

लहान पिस्तुलाच्या अडचणी इथेच संपत नाहीत.

पहिली, नळी आखूड झाली की गोळीचा वेग घटतो. स्वसंरक्षणासाठी वापरतात त्या गोळ्या टोकाला पोकळ असतात आणि शरीरात शिरल्यावर फुलतात. फुलायला वेग लागतो. तो कमी पडला तर जिच्यासाठी एवढा अट्टहास केला ती मोठी गोळी पुरेशी फुलतही नाही.

दुसरी, मूठ आखूड झाली की करंगळीला जागाच उरत नाही. जास्त धक्का आणि कमी पकड, असं दुहेरी संकट.

तिसरी, लहान पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते. वरची स्लाइड मागे ओढून गोळी भरायला जोर लागतो. बोटांत ताकद कमी असलेल्या किंवा संधिवात असलेल्या माणसाला ते जमेलच असं नाही. मनगट ढिलं राहिलं तर गोळी अडकायची भीती वेगळीच.

चौथी, गोळ्या कमी. सडपातळ .४५ पिस्तुलात ५ ते ७ गोळ्या बसतात. २०१८ मध्ये आलेल्या सिग सॉअरच्या 'पी ३६५' या ९ एमएम पिस्तुलात मॅगझिनमध्ये १० आणि नळीत १ गोळी मावते, आणि वजन अर्धा किलो. या पिस्तुलानं लपवायच्या हत्यारांचा बाजारच बदलून टाकला.

एफबीआय फिरून पुन्हा तिथेच आली

मायामीनंतर एफबीआयनं गोळीला दोष दिला. काही जाणकारांनी तेव्हाही सांगितलं होतं की प्लॅटच्या हातात रायफल होती आणि एजंटांकडे बहुतेक पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर, खरी चूक तयारीतली होती. पण शोध सुरू झाला तो मोठ्या गोळीचा.

१९९० मध्ये एफबीआयनं १० एमएमचं पिस्तूल घेतलं. ते जड होतं आणि पूर्ण ताकदीच्या गोळीचा धक्का अनेकांना झेपेना. म्हणून गोळीत दारू कमी भरली. दारू कमी तर काडतूस एवढं लांब कशाला? त्यातून आखूड काडतुसाची .४० ही गोळी जन्माला आली. १९९७ मध्ये एफबीआयनं .४० चं ग्लॉक स्वीकारलं, आणि पाठोपाठ कितीतरी पोलीस दलांनी.

दरम्यान गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या गप्प बसल्या नव्हत्या. मायामीनंतर एफबीआयनं कसोटी ठरवली होती की गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच आत गेली पाहिजे. या कसोटीला उतरतील अशा ९ एमएमच्या नव्या गोळ्या तयार झाल्या.

२०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागानं स्वतःच लिहून दिलं की नव्या गोळ्यांमध्ये ९ एमएम, .४० आणि .४५ यांच्या जखमांत सांगण्यासारखा फरक दिसत नाही. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, आणि बहुतेक लोक ९ एमएमनं जास्त झटपट व जास्त अचूक नेम साधतात, हेही त्यात होतं. २०१६ मध्ये एफबीआयनं पुन्हा ९ एमएम पिस्तुलांचं कंत्राट दिलं. तीस वर्षांनी गाडी मूळ स्टेशनवर आली.

मग लहान .४५ कुणीच घेऊ नये का?

तसंही नाही. ज्याचा हात वर्षानुवर्षं .४५ वर बसलाय, जो नियमित सराव करतो आणि लहान पिस्तुलातूनही नेम राखतो, त्याला ती चालते. अडचण होते ती पहिल्यांदाच पिस्तूल घेणाऱ्याची. तो आकडा बघून भारावतो, धक्क्यानं हैराण होतो, सराव सोडतो आणि पिस्तूल कपाटात पडून राहतं. .४५ च्या गोळ्या महागही असतात, त्यामुळे सरावाला आणखी एक कारण कमी होतं.

म्हणून तिथले अनुभवी प्रशिक्षक एक साधी गोष्ट सांगतात. विकत घेण्याआधी रेंजवर भाड्यानं घेऊन बघा. एकामागोमाग पाच गोळ्या झटपट झाडून त्या जवळजवळ बसतात का ते पाहा. बसत नसतील तर एक पायरी खाली या.

गोळीपेक्षाही जिच्याकडे दुर्लक्ष होतं ती गोष्ट

नोव्हेंबर २००८. प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये गेला. कमरेला, ट्रॅक पँटमध्ये नुसतंच खोचलेलं .४० चं ग्लॉक. ते घसरलं, सावरायला गेला आणि गोळी स्वतःच्याच मांडीत घुसली. न्यूयॉर्कचा परवाना नव्हता, त्यामुळे २ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच्याकडे गोळी मोठी होती, नव्हतं ते होल्स्टर. घोडा पूर्ण झाकणारं, घट्ट बसणारं होल्स्टर आणि वजन पेलणारा पट्टा यांवर खर्च करायला लोक का-कू करतात, आणि अपघात तिथेच होतात.

दुसरी बाब घरातली. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ जणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्या चोराला घाबरून पिस्तूल आणलं तो कदाचित कधी येणारच नाही. पण घरात लहान मूल असतं, निराश झालेलं कुणी असतं, आणि पिस्तूल रोज तिथेच असतं. कॅलिबर ठरवण्याआधी कुलूपबंद पेटी ठरवायला हवी, ती यासाठी.

अमेरिकेतल्या मराठी माणसांनी काय लक्षात ठेवावं?

ग्रीन कार्ड असलेल्याला केंद्रीय कायद्यानुसार पिस्तूल विकत घेता येतं. पण एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. मित्राबरोबर हौसेखातर रेंजवर गेलात तरी आधी नियम तपासा. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असंही नाही.

आणि आपल्याकडे? भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच आणि तो मागितला म्हणून मिळत नाही. ९ एमएमसारखी सैन्य-पोलिसांच्या वापरातली मापं 'प्रतिबंधित बोअर'मध्ये येतात. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा .३२ येते. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं महिलांसाठी म्हणून आणलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही .३२ चंच होतं. त्यामुळे रीलवर दिसणारी छोटी .४५ कितीही आवडली, तरी इथे ती बघण्यापुरतीच.

मायामीत डव्हची गोळी इंचभर कमी पडली आणि तेवढ्यावरून एफबीआय तीस वर्षं मोठ्या गोळीमागे फिरली. शेवटी तिनं निवडलं ते एजंटांना नीट चालवता येईल ते पिस्तूल. दुकानाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला हा अनुभव फुकट मिळतोय. त्यानं तो घ्यावा.