चादर की मारखा?

दोस्तांनो, गोठलेल्या नदीवरून चालायचंय? मग आई-बाबांना पटवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत लडाख गाठा! तिथे चिलिंग गावाजवळ मारखा नदी झांस्करला मिळते. इथंच ठरवायचं, कुठल्या नदीच्या काठानं जायचं?

झांस्करवरची बर्फाची वाट म्हणजे प्रसिद्ध 'चादर'. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की झांस्करचे लोक तिच्यावरूनच लेहला जात. शाळेला निघालेली मुलंसुद्धा! पुढचा माणूस काठीनं बर्फ ठोकून बघतो. आवाज पोकळ आला, की थांबायचं. दोन्ही बाजूंना उभे कडे. बर्फ फुटला तर कड्याला बिलगून पुढे सरका, नाहीतर पाणी पुन्हा गोठेपर्यंत थांबा. रात्री पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली! २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला, त्यामुळे आता ही वाट गरजेची कमी, हौसेची जास्त.

मारखाकाठी थंडी तशीच, पण स्क्यू, मारखा अशी गावं लागतात. रात्री कुणाच्या तरी घरात शेगडीजवळ झोपायचं. हा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानातला, म्हणून सकाळी बर्फात हिमबिबट्याचे ठसेही दिसू शकतात.

पहिल्यांदाच जाणार? मी तर मारखाच निवडेन. फोटो चादरीचे भारी येतात, हे मात्र कबूल!