गरज नसताना हवं असणं : प्रेमळ निर्मात्याची ख्रिस्ती कल्पना



मागच्या व्याख्यानात आपण ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचे काही युक्तिवाद तपासले. त्यानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, “जगाला आदिकारण आहे हे घटकाभर मान्य केलं, तरी त्यानं माझ्या आयुष्यात फरक काय पडतो?” प्रश्न रास्त आहे. आदिकारण सिद्ध झालं म्हणून कुणाला रात्री शांत झोप लागल्याचं ऐकिवात नाही. म्हणून आज आपण युक्तिवाद बाजूला ठेवू आणि एक श्रद्धा समजून घेऊ : हे जग एका प्रेमळ निर्मात्यानं निर्माण केलं, ही ख्रिस्ती श्रद्धा. ती खरी की खोटी याचा निकाल तासाभरात लागणार नाही. पण ज्याला ती खरी वाटते त्याला ती व्यक्तिशः काय देते, हे मात्र नीट पाहता येईल. इथे कुणाला कुठल्या धर्माकडे वळवायचं नाही आणि कुणाला परतवायचंही नाही.

सुरुवात आपल्या ओळखीच्या प्रश्नापासून करू. जो पूर्ण आहे, ज्याला कशाचीच उणीव नाही, तो जग निर्माण करायच्या भानगडीत पडेलच कशाला? हा प्रश्न बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात आहे. आपण काही करतो ते काहीतरी मिळवायला. ब्रह्माला मिळवायचं काहीच नाही, मग सृष्टी का? उत्तर आहे ‘लीला’. शंकराचार्य भाष्यात उदाहरण देतात : सगळं हाती असलेला राजा जसा सहज खेळतो, किंवा श्वास जसा हेतूशिवाय चालतो, तशी ही सृष्टी.

ख्रिस्ती विचारवंतांपुढे हाच प्रश्न होता. त्यांचं उत्तर मात्र वेगळ्या वाटेनं गेलं. दुसऱ्या शतकातला इरेनेउस हा ल्यों शहराचा बिशप. त्याच्या काळात काही पंथ सांगत होते, की हे मातीचं, घामाचं, आजारपणाचं जग एखाद्या हलक्या प्रतीच्या देवानं केलं असणार. खरा देव असल्या कामात हात घालणार नाही. इरेनेउसनं याला विरोध केला. जग खऱ्या देवानंच केलं, असं तो म्हणाला. आणि का केलं? देवाला माणसाची गरज होती म्हणून नव्हे. आपल्याजवळचं चांगलं ज्याला देता येईल असं कुणीतरी असावं, म्हणून.

आता आपल्या मराठीत दोन साधी क्रियापदं आहेत, ती इथे उपयोगी पडतील. एक ‘लागणं’ आणि दुसरं ‘हवं असणं’. स्वयंपाकाला मीठ लागतं. दुकानाला नोकर लागतो. जे लागतं ते त्याच्या कामापुरतं लागतं. काम संपलं, किंवा दुसरं स्वस्त मिळालं, की पहिल्याची सुट्टी. पण आजीला नातू ‘लागत’ नाही. तो तिच्या कुठल्याच कामाचा नसतो, उलट कामं वाढवतो. तिला तो हवा असतो. ख्रिस्ती निर्मितीविचाराचा गाभा या फरकात आहे. ईश्वराला जग लागत नव्हतं, पण हवं होतं. त्या जगात आपणही आलो, तुम्हीही आलात.

मराठी बायबलमध्ये या प्रेमाला ‘प्रीती’ म्हटलंय. आज हा शब्द ऐकला की आपल्याला नाट्यगीतं आठवतात, पण तिथे तो मूळ ग्रीक ‘अगापे’साठी आलाय. समोरच्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटणं आणि त्यासाठी झटणं, असा त्याचा अर्थ. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं या प्रीतीचं एक मार्मिक विश्लेषण केलं. आपण एखाद्या गोष्टीवर प्रेम करतो ते तिच्यात आधीच काही चांगलं असतं म्हणून. आंबा गोड असतो म्हणून आवडतो. ईश्वराचं याच्या उलट आहे, असं अक्वायनस म्हणतो. वस्तूत जे काही चांगलं आहे, ते त्याच्या प्रेमामुळेच तिथे आलं. म्हणजे गुण आधी आणि प्रेम मागून, असा क्रम नाही. प्रेम आधी.

त्याचा आणखी एक मुद्दा लक्षात ठेवू. निर्मिती म्हणजे फार पूर्वी कधीतरी घडून गेलेली घटना, असं आपण समजतो. घड्याळजीनं घड्याळ केलं, किल्ली दिली आणि निघून गेला. अक्वायनसला हे चित्र मान्य नाही. तो हवेतल्या उजेडाचं उदाहरण देतो. सूर्य गेला की हवा स्वतःच्या बळावर उजेड धरून ठेवू शकत नाही. तसं प्रत्येक वस्तूचं असणं या क्षणीही निर्मात्यावर अवलंबून आहे. म्हणूनच उत्क्रांतीच्या सिद्धांताशी या विचाराचं भांडण असण्याचं कारण नाही. माणूस कसा उत्क्रांत झाला हा प्रश्न वेगळा आणि मुळात काहीही का आहे हा वेगळा. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की ‘हवं असणं’ हे क्रियापद इथे वर्तमानकाळात आहे.

बरं, हे सगळं शास्त्र झालं. पण शास्त्र कळणं आणि ते आपल्यापर्यंत पोहोचणं यांत अंतर असतं. पास्काल हा सतराव्या शतकातला मोठा गणिती. 1662 साली तो वारल्यावर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला एक कागद सापडला. त्यावर 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्रीचा एक अनुभव टिपलेला होता. तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा देव वेगळा, अब्राहाम, इसहाक, याकोब यांना भेटलेला देव वेगळा, अशा अर्थाची नोंद त्यात आहे. सिद्धांतातला देव पास्कालला आधीपासून ठाऊक होता. त्या रात्री भेटणाऱ्या देवाचा अनुभव आला, असं त्याला वाटलं.

असंच अंतर आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईंनी पार केलं आणि त्याबद्दल स्वतः लिहूनही ठेवलं : पंडिता रमाबाई. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आईनं लेकीला. सारं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत दक्षिणेत फिरत होतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यामुळे महाराष्ट्रात जे वादळ उठलं ते आपण जाणतो. आज त्यात शिरायचं नाही. आज पाहायचं ते त्यांच्या मनाला कशानं स्पर्श केला हे. लंडनमधल्या फुलम या भागात जोगिणींचं एक आश्रयस्थान होतं. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं सांभाळलं जाई. रमाबाईंना हे नवीन होतं. असल्या बायकांची कीव करणारे त्यांनी पाहिले असतील, शिक्षा सांगणारे तर पुष्कळच. पण त्या ‘हव्या आहेत’ असं समजून कुणी वागतंय, हे त्या पहिल्यांदा पाहत होत्या. याचं कारण त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची गोष्ट सांगण्यात आली.

तरी गोष्ट इथे संपत नाही. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, म्हणजे 1891 च्या सुमारास, रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात स्पष्टपणे लिहिलंय. धर्म म्हणजे मतं, विधी आणि चांगलं वागण्याचे प्रयत्न. हे सारं चालू होतं, आणि आपण पुरेशा चांगल्या नाही ही बोचही चालू होती. मग त्यांना उमगलं, की हे कमवायचं नाही; हे दान आहे, हात पुढे करून घ्यायचं. पुन्हा तोच क्रम पाहा : प्रेम आधी, गुण मागून. अक्वायनसनं जे विश्लेषण करून मांडलं, ते रमाबाईंच्या अनुभवाला आलं.

आणि याचा अर्थ त्यांनी बुद्धी गहाण टाकली असा मुळीच नाही. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. आपण काय मानायचं हे दुसऱ्यांनी ठरवून द्यावं, हे त्यांना कधीच पटलं नाही. व्यक्तिशः अर्थ सापडणं याची ही दुसरी बाजू आहे. तो उसना घेता येत नाही.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला शंका येणारच. पहिली शंका फॉयरबाखची, 1841 मधल्या ग्रंथातली. माणूस आपल्याच इच्छा आकाशावर उमटवतो आणि त्यांना देव म्हणतो. कुणाला आपण हवेसे आहोत ही भूक तर सर्वांनाच असते. मग ही श्रद्धा त्या भुकेचंच चित्र नव्हे का? असू शकेल. पण भूक आहे एवढ्यावरून अन्न नाही असं सिद्ध होत नाही. अन्न आहे असंही होत नाही. भूक हा पुरावा दोन्हीकडे अपुरा आहे. आपल्याला मग दुसरी कसोटी लावता येते : ही श्रद्धा माणसाला स्वतःभोवती गुरफटून टाकते, की दुसऱ्याकडे वळवते? रमाबाईंनी केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. दुष्काळातल्या अनाथ मुली, विधवा, अंध स्त्रिया, टाकलेल्या स्त्रिया तिथे आल्या. ‘कृपा सदन’ होतं, वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी ‘प्रीती सदन’ होतं. त्या काळच्या हिशेबात ज्या कुणाला ‘लागत’ नव्हत्या, त्या तिथे हव्या होत्या. यानं श्रद्धेचं सत्य सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ती स्वतःपुरतं सुखस्वप्न नव्हती, एवढं तरी यातून दिसतं.

दुसरी शंका जास्त जड आहे. निर्माता प्रेमळ आहे, तर दुष्काळ का? रमाबाईंचे आईवडील अन्नावाचून का गेले? 1921 मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूआधी काही महिने, मनोरमाही गेली. याला काय म्हणायचं? आपल्याकडे ब्रह्मसूत्रांत या शंकेला कर्माचं उत्तर आहे. ख्रिस्ती परंपरेत पूर्वजन्म नाही, त्यामुळे ती वाट बंद. तिथे उत्तरं अनेक दिली गेली. पण बायबलमधला ईयोबाचा ग्रंथ वाचला तर असं दिसतं, की मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाला ‘का?’ याचं उत्तर मिळतच नाही. त्याचं चुकलं असणार, असं शास्त्र सांगणाऱ्या मित्रांनाच देव रागावतो. आणि ईयोबाला सृष्टी दाखवतो : माणूस राहत नाही अशा ओसाड जागी पडणारा पाऊस, कुणाच्या गाडीला न जुंपलेलं रानगाढव, शहामृग. कुणाच्या उपयोगाचं नसलेलं, तरी असलेलं. या ग्रंथाचा आम्हाला लागलेला अर्थ असा : जगाचा हिशेब माणसाच्या उपयोगावर बेतलेला नाही, तसा पाप आणि शिक्षेवरही बेतलेला नाही. दुःखाचं कोडं यानं सुटत नाही. पण दुःखी माणूस नकोसा झालाय म्हणून दुःखी आहे, हा निष्कर्ष मात्र बाद होतो. हा फरक लहान नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांना तो चांगला कळेल.

इथवर आल्यावर आपल्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे वळू : फरक काय पडतो? आपल्यापैकी बरेच जण साठी-सत्तरी ओलांडलेले आहोत. निवृत्तीचा हार गळ्यात पडला की पहिले काही महिने बरे जातात. मग एक दिवस लक्षात येतं, की फोन वाजत नाही आणि आपल्यावाचून कुणाचं अडत नाही. घरात आपण अडगळ झालो की काय, असं वाटू लागतं. नोकरी न लागलेल्या तरुणाला हेच वेगळ्या शब्दांत वाटत असतं. आपण आयुष्यभर ‘लागण्या’लाच किंमत समजून चाललो, म्हणून लागेनासे झालो की किंमत संपल्यासारखी वाटते. प्रेमळ निर्मात्यावरचा विश्वास नेमका इथे बोट ठेवतो. तो म्हणतो, हे गणितच चुकीचं मांडलं होतं. तुम्ही कुणाला लागत होता, त्याच्या आधीपासून हवे होता.

हे ज्याला खरं वाटतं त्याच्यावर एक जबाबदारीही येते. आपण गरजेपुरते नसलो, तर शेजारचाही नाही. घरात कामाला येणाऱ्या बाईंकडे आणि अंथरुणाला खिळलेल्या नातेवाइकाकडे पाहण्याची रीत बदलायला हवी. ती बदलत नसेल, तर श्रद्धा अजून वहीतच आहे असं समजावं.

आणि ज्यांना निर्माता मान्य नाही त्यांचं काय? त्यांनी ही श्रद्धा घ्यावी असं आम्ही म्हणणार नाही. पण प्रश्न त्यांनाही चुकत नाही. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही, असं आपण सगळेच म्हणतो. मग ती कशावर ठरते? ख्रिस्ती माणसाचं उत्तर आज आपण ऐकलं. दुसरी उत्तरंही आहेत. पुढच्या वेळी आपण कांटकडे वळू. ‘माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये’ या त्याच्या म्हणण्याला आधार कुठला, ते पाहू. तोवर प्रत्येकानं आपापलं उत्तर मनात जुळवून ठेवावं, एवढी विनंती.