हुनावीर : एक चर्च, दोन पंथ आणि रीसलिंग

पूर्व फ्रान्सच्या अल्सास प्रांतात, व्होज डोंगराच्या पायथ्याशी, रिबोव्हिले आणि रिकवीर या दोन गजबजलेल्या गावांच्या मधोमध हुनावीर आहे. वस्ती 600च्या आसपास. गावाबाहेरच्या टेकाडावर चर्च उभं आहे आणि द्राक्षाचे वेल थेट त्याच्या तटापर्यंत आले आहेत. चर्चला तट कशाला, असा प्रश्न पडतो. हा भाग सतत लढायांच्या वाटेवर असे. संकट आलं की गावकरी इथे आसरा घेत. सहा अर्धगोल बुरुजांचा हा कोट आजही शाबूत आहे. आत दफनभूमी, मधे चर्च आणि त्याचा किल्ल्यासारखा जाडजूड मनोरा.

गावाला नाव मिळालं ते संत ह्यूनमुळे. सातव्या शतकातली ही सरदारघराण्यातली बाई गावच्या झऱ्यावर गोरगरिबांचे कपडे धूत असे, अशी कथा आहे. एका वर्षी पीक बुडालं, तेव्हा त्याच झऱ्यातून वाइन वाहिली म्हणतात. द्राक्षावर जगणाऱ्या गावाने आपल्या संताकडून दुसरा कुठला चमत्कार मागावा?

1520 साली ह्यूनला अधिकृत संतपद मिळालं. पुढच्या पंधरा वर्षांत गावाचे मालक, म्हणजे व्युर्टेम्बर्गचे ड्यूक, लुथरपंथी झाले. त्यांच्याबरोबर गावही झालं. लुथरपंथाला संतपूजा मान्य नाही, त्यामुळे ह्यूनची यात्रा थांबली. मग फ्रान्सचा कॅथलिक राजा चौदावा लुई याची सत्ता आली. अल्सासमधल्या प्रोटेस्टंटांना वेस्टफालियाच्या तहाचं संरक्षण होतं, त्यांना हुसकून लावता येईना. म्हणून राजाने नियम काढला : गावात सात कॅथलिक कुटुंबं असली तरी चर्चचा वेदीकडचा भाग त्यांना द्यायचा. हुनावीरला 1687 पासून दोन्ही पंथ एकाच छपराखाली आले. सुरुवात सक्तीची होती, यात शंका नाही. पण आपल्याकडे गुरवांच्या पाळ्या असतात तशी इथेही वेळांची वाटणी रुळली आणि ती अजून चालू आहे. मला या गावाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच.

आणखी एक गोष्ट फ्रान्समध्ये विरळाच. 1905च्या कायद्याने तिथे धर्म आणि शासन वेगळे झाले, तेव्हा अल्सास जर्मनीच्या ताब्यात होता. 1918नंतर तो परत आला, पण जुनी व्यवस्था कायम राहिली. त्यामुळे इथल्या कॅथलिक पाद्रीला आणि प्रोटेस्टंट पास्टरला, दोघांनाही पगार सरकार देतं.

चर्चच्या वरच्या अंगाला रोझाकर नावाचा उतार आहे. सुमारे 26 हेक्टरांचा हा मळा अल्सासच्या 51 'ग्रां क्रू'पैकी एक, म्हणजे सर्वोत्तम ठरवलेल्या जमिनींत मोडणारा. जमीन चिकणमाती आणि चुनखडीची. त्यातला जेमतेम पावणेदोन हेक्टरांचा तुकडा रिबोव्हिलेच्या ट्रिंबाक घराण्याकडे आहे. तिथल्या रीसलिंग द्राक्षांपासून 'क्लो सँत ह्यून' ही वाइन होते. ती कोरडी, गोडवा न ठेवता केलेली असते आणि बाटलीत काही वर्षं मुरल्याशिवाय विक्रीला येत नाही. जगातल्या उत्तम रीसलिंगमध्ये तिची गणना होते. ज्या संताची पूजा गावाने सोडली, तिचं नाव जगभर पोचलं ते असं.

अल्सासला जाणारे बहुतेक जण रिकवीरच्या रंगीत घरांचे फोटो काढून परततात. तुम्ही गेलात तर तिथून द्राक्षमळ्यांतली पायवाट धरा आणि हुनावीरला या. चर्चमध्ये संत निकोलसच्या चरित्रावरची पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, ती पाहिल्याशिवाय निघू नका.