नाक अमेरिकेचे, कागद राजवाड्याचा

1930च्या दशकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी दोन गोष्टी बरोबरीने घडवल्या: वारा कापणारी, गोलसर तोंडाची गाडी आणि ती विकणारे घडीचे माहितीपत्रक. महामंदीने प्रवासी आटले होते आणि जे उरले ते मोटारीकडे वळत होते. 26 मे 1934 रोजी बर्लिंग्टन रेल्वेची स्टेनलेस स्टीलची ‘झेफर’ पहाटे डेन्व्हरहून निघाली आणि सुमारे 1,633 किलोमीटर न थांबता 13 तास 5 मिनिटांत शिकागोला पोचली. गाडीत झेफ नावाचे गाढवही होते. जाहिरातीची हौस कुठवर जाते, ते यावरून कळते.

या गाड्यांच्या माहितीपत्रकाची घडी उलगडत गेली की गाडीही उलगडत जाई. डब्याची एक भिंत काढून टाकावी तसे चित्र: आत खुर्च्या, भोजनाची टेबले, झोपण्याच्या खोल्या, आणि माणसे नटूनथटून बसलेली. सुरुवातीला भर वेगावर होता, पुढे तो खिडकीबाहेर गेला. 1949 साली सुरू झालेल्या ‘कॅलिफोर्निया झेफर’ला काचेचे घुमट होते आणि तिचे वेळापत्रकच असे आखले होते की रॉकी पर्वत उजेडात दिसावा.

हा घाट भारतात आला तो डब्यांवर नव्हे, इंजिनाच्या नाकावर. 1947 साली फिलाडेल्फियाजवळच्या बाल्डविन कारखान्यातून ब्रॉडगेजची, वाफेवर चालणारी 16 डब्ल्यूपी इंजिने आली. त्यांची रचना इथल्या हलक्या, राखाळ कोळशाला साजेशी होती. नाक मात्र थेट त्या काळच्या अमेरिकन फॅशनचे: बंदुकीच्या गोळीसारखे फुगीर, मधोमध दिवा आणि दिव्याभोवती चांदणी. बाकी चाके, दांडे सगळे उघडेच. त्यामुळे वारा कापण्याचे काम फार झाले नसावे, पण फलाटावर शिरताना इंजिन रुबाबदार दिसे. पुढे कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि आपल्याकडे चित्तरंजन इथेही ती बांधली गेली. एकूण संख्या 755 झाली.

त्यांतले ‘अकबर’ (क्रमांक 7161) दिल्लीजवळ रेवाडीच्या लोकोशेडमध्ये आहे. हे शेड 1893चे; आता ते वाफेच्या इंजिनांचे वारसा-संग्रहालय आहे. चित्रपटवाल्यांचे अकबरवर फार प्रेम. ‘भाग मिल्खा भाग’मध्येही ते दिसते, कथेचा काळ जुना, इंजिन मात्र चित्तरंजनहून 1965 साली बाहेर पडलेले.

एवढे देखणे नाक असूनही त्याच्या नावाने गिऱ्हाईक बोलावण्याची गरज कधी पडली नाही. राष्ट्रीयीकरणानंतर रेल्वेला रुळांवर प्रतिस्पर्धी उरला नव्हता, आणि जिथे आरक्षण मिळणेच मुश्कील तिथे चकचकीत कागद छापायचा कोणासाठी? वेळापत्रक पुरे होते, आणि तेही लोक विकत घेत.

चकचकीत माहितीपत्रकाला खरे काम मिळाले ते 26 जानेवारी 1982 रोजी दिल्लीहून सुटलेल्या ‘पॅलेस ऑन व्हील्स’मुळे. रेल्वे आणि राजस्थान पर्यटन विकास महामंडळाचा हा संयुक्त उपक्रम. गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी, मुक्काम आठवड्याचा. त्याने आधी चित्र पाहायचे, मग पैसे मोजायचे. इथे अमेरिकन हिशेब उलटा झाला. तिथे कागदावर उद्याची गाडी होती, इथे कालची: कोरीव छत, गालिचा, पगडी बांधलेला खिदमतगार. सुरुवातीचे मीटरगेज डबे संस्थानिकांच्या वापरातले होते. पुढे ते मागे पडले, आणि रूळ रुंद होत गेले तशी 1995पासून ब्रॉडगेजची नवी गाडी धावू लागली. तिच्या 14 सलूनना राजपुतान्यातील संस्थानांची नावे होती, भोजनाचे डबे ‘महाराजा’ आणि ‘महाराणी’. म्हैसूरच्या महाराजांचे 1899चे अस्सल सलून मात्र चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. अस्सल जागच्या जागी, फिरते ते नवे.

महाराष्ट्राने याच धर्तीवर 2004 साली ‘डेक्कन ओडिसी’ काढली. निळ्या डब्यांच्या या गाडीला दख्खनमधील राजघराण्यांचा थाट दिला होता. मधली काही वर्षे ती बंद होती. सप्टेंबर 2023मध्ये मुंबईहून पुन्हा सुटली.