फाटकाच्या खांबावर बिडाची टोपी



या खेपेला उसाऐवजी फाटकाविषयी लिहितो, त्याला कारण घडले. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाच्या वस्तीवरचे फाटक खांबासकट आडवे झाले. त्यावर पोरं लोंबकळत होती. नशीब, थोडक्यात निभावलं. खांब बाहेरून रंगवलेला, चांगला दिसत होता. मोडलेला पाईप पाहिला तर आतून गंजाचे पापुद्रे. वर बिडाची टोपी होती, पण ट्रॉलीचा धक्का लागून ती कधीच निसटली होती. उघड्या तोंडातून पावसाचे पाणी आत साचत राहिले. ती टोपी वेल्डिंग करून घ्या, असे त्या सभासदाला मीच सांगितले होते. चूक माझी.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के, तर पाईपाच्या पोलादात पाव टक्क्याच्या आतबाहेर. साध्या काडीने वेल्डिंग केले की धगीने जोडालगतचे बीड काचेसारखे कडक होते आणि थंड होताना तडकते. तडा डोळ्यांना दिसत नाही, पुढे धक्क्याला टोपी निघते. निकेलच्या काडीने जाणकार माणूस जोड देतो. पण एका टोपीपायी तो खर्च कशाला? शिवाय पाईप जस्ताचा असेल तर वेल्डिंगचा धूर छातीत जाऊन ताप भरतो, ते वेगळेच.

त्यापेक्षा टोपी स्क्रूने बसवावी. आधी माप. दुकानात ज्याला आपण दोन इंची म्हणतो, तो पाईप बाहेरून सुमारे ६० मिमी भरतो. हलका घ्या की भारी, बाहेरचे माप तेच. जाडीचा फरक आतल्या बाजूला पडतो. म्हणून पाईपावर चढणारी टोपी घ्यावी, आत शिरणारी नको. टोपी आणताना पाईपाचा तुकडा बरोबर न्या. ती हाताने चढली पाहिजे. ठोकून चढवाल तर फुटेल.

टोपीच्या काठाला सारख्या अंतरावर तीन भोके ५ मिमीच्या ड्रिलने पाडून ६ मिमीचे आटे पाडावेत. काठ निदान ५-६ मिमी जाड हवा, नाहीतर आटे धरत नाहीत. बिडाला तेल लावू नये, ते कोरडेच कापले जाते. मग टोपी चढवून भोकांतून पाईपावर खुणा करा आणि तिथे ड्रिलने जरासा खळगा घ्या. स्क्रूचे टोक खळग्यात बसले की टोपी फिरत नाही, उचकटतही नाही. पाईपाच्या कापलेल्या तोंडाला रेडऑक्साईड, टोपीच्या आत एम-सील, मग डोके नसलेले ग्रब स्क्रू. चावी हातानेच आवळा. चावीला नळी लावून जोर केला की काठ तडकलाच म्हणून समजा. हे आमच्या मळ्यावर एकदा करून झाले आहे.

टोपी घट्ट बसली तरी आत दमट हवेचे पाणी सुटतेच. पाईपात काँक्रीट जमिनीच्या थोडे वरपर्यंत भरून त्याच्या पातळीला एक ८ मिमीचे भोक ठेवा.

जुना खांब असेल तर टोपी आणण्याआधी काँक्रीटच्या लगेच वर हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत वाजला तर टोपी आणा. बद्द वाजला तर आधी खांब बदला, आणि तोवर पोरांना फाटकावर चढू देऊ नका.

— ऊस विकास अधिकारी