टॅक्सीचे दर आणि नागरिकांची हरकत

बाजारात भाजी महाग वाटली तर आपण पुढच्या टोपलीकडे वळतो. नाहीच पटले तर रिकाम्या पिशवीने घरी येतो. भाड्याच्या गाडीची गोष्ट तशी नाही. रात्री अकराला स्टेशनाबाहेर, हातात सामान आणि सोबत आजारी माणूस असताना, समोर जी एकुलती गाडी उभी असेल तिच्याशी कसली घासाघीस करणार? उलट दुपारी तासन्‌तास रिकामा उभा असलेला चालक प्रवासी म्हणेल त्या पैशांना कबूल होतो. दोघांपैकी एकजण अडलेला असतो, आणि अडलेल्या माणसाने केलेला सौदा न्याय्य असतोच असे नाही. म्हणून रस्त्यावर हात करून थांबवायच्या गाडीचा दर तिऱ्हाइताने अगोदर ठरवून द्यावा, असे अनेक शहरांनी मानले. हा तिऱ्हाईत कोण असावा आणि त्याने दर कसा ठरवावा, एवढाच प्रस्तुत विषय आहे.

या कामाची उघड रीत पाहावयाची तर इंग्लंड व वेल्सकडे वळणे सोयीचे. तेथे लंडन वगळता इतरत्र हे काम गावच्या लोकनियुक्त परिषदेकडे आहे. घोड्यांच्या भाडोत्री गाड्यांचे दर पोटनियमांनी बांधून देण्याची तरतूद १८४७ च्या कायद्यात होती. पुढे १९७६ च्या कायद्याच्या ६५ व्या कलमाने परिषदेला अंतर, वेळ आणि इतर आकार यांचे कोष्टक करण्याचा अधिकार दिला. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, हे कोष्टक रस्त्यावर किंवा स्टँडवर मिळणाऱ्या टॅक्सीपुरते आहे. आगाऊ बोलावलेल्या खाजगी गाडीचा दर परिषद ठरवीत नाही, कारण तेथे चार ठिकाणी विचारण्यास ग्राहकाला सवड असते. दुसरी, कोष्टकातील दर हा कमाल असतो. चालकाने कमी घेतले तर कायद्याची ना नाही. जास्त मात्र घेता येत नाही.

परिषदेने कोष्टक केले म्हणजे ते लागलीच अमलात आले असे होत नाही. ते स्थानिक वर्तमानपत्रात छापावे लागते आणि हरकती घेण्यासाठी निदान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. कोष्टकाची प्रत परिषदेच्या कचेरीत ठेवतात. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. हरकत आली नाही, तर मुदत संपताच दर लागू होतो. हरकत आली, तर परिषदेने तिचा विचार करावयाचा, वाटल्यास कोष्टकात फेरफार करावयाचा, आणि दोन महिन्यांच्या आत अंमलाची नवी तारीख ठरवावयाची. एका नागरिकाने पाठविलेले साधे पत्रसुद्धा परिषदेला पुन्हा विचार करावयास लावते, ही या कलमातील मोलाची गोष्ट होय.

आता तराजूच्या पारड्यांत काय काय पडते ते पाहू. एका बाजूला इंधन, दुरुस्ती, विमा, गाडीची किंमत व तिची झीज, आणि चालकाचा घरखर्च. दुसऱ्या बाजूला प्रवाशाची ऐपत. दर फार खाली ठेवला तर चालक हा धंदा सोडतात आणि रात्री स्टँड ओस पडतो. फार वर नेला तर वृद्ध, अपंग आणि ज्यांच्या दारात गाडी नाही असे लोक घरी बसतात. शिवाय वाढ किती, याइतकेच ती कोठे घातली यालाही महत्त्व आहे. आरंभीचा आकार वाढविला तर दवाखान्यापर्यंत जाणाऱ्या म्हातारीवर भार पडतो. दर मैलाचा आकार वाढविला तर लांबच्या प्रवाशावर. थांबण्याचा आकार वाढविला तर गर्दीच्या वेळी अडकलेल्यावर.

आपल्याकडे हे काम महापालिकेचे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमाने भाड्यासंबंधी निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे, आणि मुंबईचे दर मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरविते. त्यासाठी हकीम समितीने २०१२ मध्ये एक सूत्र दिले, तर खटुआ समितीने २०१७ मध्ये आपला अहवाल दिला. सूत्राचा फायदा उघड आहे: संपाच्या धाकाने वा निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, तर हिशेबाने दर ठरावा. तथापि सूत्र असले तरी ते वेळेवर वापरावे लागते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे २०१५ मध्ये २२ रुपये झाले, ते १ मार्च २०२१ रोजी २५ होईपर्यंत जवळजवळ सहा वर्षे तसेच राहिले. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये २८ आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ झाले. सहा वर्षे चालकाने सोसावयाचे आणि नंतर चार वर्षांत तीनदा प्रवाशाने, ही काही समतोल वाटणी म्हणता येत नाही.

२०२५ चे हे कोष्टक नागरिकाने वाचून पाहण्यासारखे आहे. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. हा दर दीडपट केला की जवळजवळ ३१ येतात. म्हणजे आरंभीच्या अंतराला वेगळा चढा दर नाही. पण अर्ध्या किलोमीटरवर उतरणारा मात्र दीड किलोमीटरचे पैसे मोजतो. पाच किलोमीटर जाणाऱ्याला सुमारे १०३ रुपये पडतात. एवढे गणित शाळकरी मुलालाही जमेल. ते जमले म्हणजे भाडे वाढले की नुसते कुरकुरण्याऐवजी, वाढ कोणत्या खर्चापोटी व कोणाच्या खिशातून, हे नेमके विचारता येते.

आमच्या मते दर ठरविण्याचे काम परिषदेकडे असो वा प्राधिकरणाकडे, तीन गोष्टी आवश्यक आहेत: ठराविक मुदतीने फेरविचार, सर्वांना वाचता येईल असा हिशेब, आणि निर्णयापूर्वी हरकतीस जागा. दर वाढवून मागण्यास चालकांच्या संघटना असतात. प्रवासी मात्र गाडीतून उतरला की प्रवासी राहत नाही, आणि म्हणून त्याची संघटना सहसा उभी राहत नाही. ही उणीव कायद्याने पुरती भरून निघणार नाही. ती भरून काढावयाची तर दराचा विचार चालू असतानाच आपण चार ओळींचे पत्र लिहिले पाहिजे, आणि त्यात चालकाच्या खर्चाचीही नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे.